टाकीमागचा डाग

थोरलीने काथ्याचा ब्रश सोड्याच्या पाण्यात बुडवला आणि गच्चीच्या दगडी कठड्यावरची शेवटची करडी खपली घासून काढली.

"आता या म्हणावं," ती स्वतःशीच म्हणाली.

हवा तपासणारी बाई येणार होती. लाँड्रीवाल्यांच्या घरी येऊन पाहुणीने डाग बघायचे म्हणजे शोभाच की. डाग हा थोरलीचा जन्माचा वैरी. शाई, ग्रीस, गंज, सगळे तिच्यापुढे हात टेकत. एकदा तर ती समोरच्या फाउंड्रीच्या अख्ख्या चिमणीशी भिडली होती. वाळत घातलेल्या चादरींवर रोज काजळी पडायची. त्यातलीच एक काळवंडलेली चादर घेऊन ती तडक गेली आणि मॅनेजरच्या टेबलावर, चहाच्या कपासकट, पसरून आली.

"आम्ही कपडे धुतो, तुम्ही तुमचा धूर धुवा!"

लोक हसले. पण तिने ऑफिसांचे उंबरे झिजवले, पिच्छा सोडला नाही, आणि शेवटी चिमणीला धूर पाण्याने धुऊन सोडणारं यंत्र बसलं. तेव्हापासून थोरली चालते तीसुद्धा मान कडक इस्त्री केल्यासारखी, असं तिची धाकटी जाऊ म्हणायची. अर्थात मागे, तोंडावर नाही.

धाकटी शेजारच्या घरात राहायची. लाँड्री दोघींची, गच्चीही दोघींची. धाकटीचा हात जरा ढिला. तिच्या इस्त्रीत एखादी सुरकुती राहायची आणि थोरली तो कपडा न बोलता तिच्या टेबलावर परत टाकायची. न बोलता टाकायची, हेच धाकटीला जास्त लागायचं.

आता फाउंड्रीवाल्यांनी उचल खाल्ली होती. यंत्र नुसतं पाणी पितं, उपयोग शून्य, काढू द्या, असा त्यांचा अर्ज होता. त्यात तथ्य किती, ते ही बाई ठरवणार होती.

बाई आली, डोळ्याला भिंग लावून कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून गेली. थोरली शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

"इथे काहीच नाही?" बाईने विचारलं.

"नावालासुद्धा नाही. हात फिरवून बघा."

बाईचा चेहरा पडला. "मी दगडफूल शोधतेय. करड्या-हिरवट खपल्या असतात ना दगडावर, त्या. त्यांना मुळं नसतात, हवा खाऊनच जगतात. हवा बिघडली की आधी त्या मरतात. यंत्राचा उपयोग झाला असता, तर एवढ्या वर्षांत इथे त्या धरायला हव्या होत्या. वारा चिमणीवरून इकडेच येतो, आणि बाकीच्या घरांना रंग दिलेत. जुना दगड काय तो तुमचाच."

थोरलीने हातातला ब्रश पाठीमागे नेला.

"येतात हो. मीच घासते. आत्ता घासल्या."

"खोटं कशाला बोलाल तुम्ही? पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला लिहिता येत नाही."

बादलीतलं पाणी करडं झालं होतं. ज्याच्यासाठी आयुष्यातली एवढी वर्षं घातली, त्याचा पुरावा थोरलीने स्वतःच्या हाताने, वर सोडा टाकून, धुऊन काढला होता. तिला रडू आलं. पाहुणीसमोर रडायचं नाही म्हणून तिने उगाच बादली उचलून दुसरीकडे ठेवली.

दोरीपाशी धाकटी चिमटे घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "टाकीमागे बघा."

"टाकीमागे काय आहे?" थोरली चमकली.

"डाग."

पाण्याची टाकी आणि कठडा यांच्यात जेमतेम वीतभर फट होती. ब्रश तिथे पोचत नसे, नजरही नाही. धाकटीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेवढी ती दिसायची. बाईने गाल टाकीला टेकवून आत बॅटरी मारली.

"अगं बाई!" ती म्हणाली. "पानासारखी जात आहे ही. कडा बघा कशा उचलल्यात! धुरात ही टिकतच नाही. आणि केवढी, बांगडीएवढी! इतकी व्हायला वर्षं लागतात." तिने फोटोंवर फोटो काढले. "यंत्र निघत नाही आता. मी लिहिते ना!"

थोरलीचे कान तापले. आपल्या घरात एवढा मोठा डाग, आणि तो नेमका धाकटीने बघितलेला! तरी छाती अशी भरून आली होती की शेजारच्या चारही गच्च्यांवर ओरडून सांगावंसं वाटत होतं.

बाई गेल्यावर तिने विचारलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"झाली की बरीच वर्षं."

"आणि बोलली नाहीस? तुझ्याकडे दिसला असता, तर मी गल्लीभर केलं असतं."

"ते माहितीये, ताई." धाकटीने चादरीला चिमटा लावला. "तुम्ही इस्त्री परत टाकलीत ना, की मी खिडकीत जाऊन तो डाग बघायचे. बरं वाटायचं. दर वर्षी थोडा वाढायचा."

थोरली बादली मोरीत रिकामी करून आली आणि ब्रश तिने धाकटीच्या हातात दिला.

"हा तुझ्याकडे ठेव. माझ्या हाताचा भरवसा नाही."

पुढे कठड्यावर पुन्हा करडे ठिपके धरले, रस्त्यावरून दिसण्याइतके. एक नेहमीचं गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं, ते वर बघतच आत शिरलं.

"मालकीणबाई, स्वच्छता म्हणजे तुमची! आणि कठड्याला डाग पडू दिलेत?"

थोरलीने तोंड उघडायच्या आत पलीकडच्या टेबलावरून उत्तर आलं.

"पडलेत कसले? कमावलेत आमच्या ताईंनी."

गिऱ्हाईक हसलं. थोरलीने धाकटीच्या गठ्ठ्यातला त्याचा शर्ट उचलला. बाहीवर एक सुरकुती होती, चांगली ठसठशीत. तिने तीवरून एकदा अंगठा फिरवला, बाही आत दुमडली आणि शर्ट त्याच्या हातात दिला.