तिसरा आकडा

एकतीस वर्षं वॉर्डात काढून निवृत्त झालेल्या नर्सला 'तुमचा अंदाज चुकतोय' असं तोंडावर सांगायला हिंमत लागते. आमच्या प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरला ती होती. दर सोमवारी तो एक तक्ता छापायचा आणि त्यात माझ्या नावापुढे लाल खूण असायची.

काम ऐकायला सोपं होतं. बोलता न येणाऱ्या पेशंटचे वीस-वीस सेकंदांचे व्हिडिओ बघायचे आणि प्रत्येकाला किती दुखत असेल त्याचा शून्य ते दहा असा आकडा द्यायचा. आम्ही तिघं तीन टेबलांवर बसून वेगवेगळे आकडे द्यायचो. दोघांचे जुळले की तिसऱ्याचा खोडायचा, हा तिथला नियम. जे उरेल त्यावरून ती कृत्रिम बुद्धिमत्ता चेहरा बघून दुखणं ओळखायला शिकणार होती.

संशोधन चालवणारे साहेब मनाने चांगले. त्यांचे वडील घशात नळी घालून तीन आठवडे पडून होते आणि त्यांचं पोट दुखतंय हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी हे सांगितलं, म्हणून तर मी हो म्हटलं. आणि मशीन उगाचच होतं असंही मी म्हणणार नाही. चाळीस खाटांच्या एका वॉर्डात अर्धवट शिकलेल्या मशीनची चाचणी होती, नर्स एकटी. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याचं दुखणं मशीनने दोन मिनिटांत पकडलं. त्या बिचारीची फेरी तिथवर पोचायला संध्याकाळ झाली असती. ते बघून मला मनापासून आनंद झाला होता.

माझं भांडण होतं ते उरलेल्या दोन टेबलांशी. एकावर चष्मा, दुसऱ्यावर हेडफोन, मी त्यांना हीच नावं ठेवलेली. दोघं नुकतीच कॉलेजातून आलेली, हुशार, वागायला गोड, पण आयुष्यात एका पेशंटची कूस बदललेली नाही. कपाळाला आठ्या आणि तोंड वाकडं दिसलं की दोघं आठ देणार, चेहरा शांत दिसला की दोन. अहो, शांत चेहऱ्याचीच तर भीती असते. ज्याला फार दिवस दुखतंय त्याच्यात कण्हायलाही जोर उरत नाही. तो गप्प होतो, एकाच जागी बघत राहतो, श्वास अर्ध्यावर धरतो. कितीतरी जण अंगठा मुठीत दाबून धरतात. अशांना मी आठ द्यायची. त्या दोघांचे दोन आणि दोन जुळायचे आणि माझा आठ खोडला जायचा.

साहेबांशी वाद घालून झाला. ते म्हणाले, एकाच माणसाची लहर मशीनमध्ये उतरू नये म्हणून हा नियम आहे. तेही खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

मग एका सोमवारी चष्म्याने अगदी प्रेमाने मला समजावलं, "मावशी, व्हिडिओत जेवढं दिसतं तेवढंच धरा. बाकी मनाचं घालू नका."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, घ्या, तुमच्या मनासारखं. दुसऱ्या दिवसापासून मी पेशंटकडे बघायचंच सोडलं आणि ही दोघं काय लिहितील तेवढं ओळखायला लागले. त्यात काही कठीण नव्हतं. लाल खूण गेली. चार महिन्यांत आमच्या तिघांचे आकडे शंभरातल्या शहाण्णव वेळा जुळायला लागले. साहेबांनी केक आणला. मी दोन तुकडे खाल्ले.

मशीन बसवलं ते पहिलं हॉस्पिटल म्हणजे माझी ताई जिथे होती तेच. पक्षाघाताने तिची वाचा गेली होती आणि डावी बाजूही. त्या सकाळी मी गेले तर ती शांत पडून होती. खाटेवरच्या कॅमेऱ्याखाली छोट्या पडद्यावर हिरव्या रंगात दोन आकडा. मी तिचा उजवा हात हातात घेतला. अंगठा मुठीत होता, घट्ट. लहानपणी गुडघा फुटला तरी ताई रडायची नाही, अंगठा असाच दाबून धरायची. वॉर्डात मी पेशंटच्या मुठींकडे बघायला लागले ते तिच्यामुळेच.

मी तिची कूस बदलली. कमरेखाली तळहाताएवढी जखम झाली होती.

ड्यूटीवरच्या नर्सला जखम माहीत होती, मलम लावलं होतं. पण आकडा चारच्या खाली असेल तर दुखण्याचं इंजेक्शन द्यायचं नाही, असं तिला लेखी मिळालेलं. तिने डॉक्टरांना फोन लावून माझ्याकडे दिला. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, हे मशीन वॉर्डात आयुष्य घालवलेल्या नर्सकडून शिकलंय. ती नर्स मीच होते.

तिथून मी तडक प्रयोगशाळेत गेले.

"साहेब, शेवटचे चार महिने मी खोटे आकडे दिलेत."

त्यांनी कॉम्प्युटरवर माझ्या नोंदी उघडल्या. मग म्हणाले, "तुमचे आधीचे आकडे तर खोडलेच गेले होते. या चार महिन्यांत तिघांचं जुळलं, म्हणून ते व्हिडिओ आपण सगळ्यात भरवशाचे धरले."

"म्हणजे खरं दिलं ते खोडलंत, आणि खोटं दिलं ते मशीनला शिकवलंत."

त्यांनी नोंदी बंद केल्या. चेहरा उतरला होता, आणि त्यांचे वडील आठवून मला त्यांची दयाही आली. सगळं पुन्हा करू म्हणाले. हॉस्पिटलला आजच कळवतो, पण त्यांचा नियम त्यांच्या समितीशिवाय बदलत नाही. नवीन मशीन यायला सहा महिने. सहा महिने कळ काढ, हे ताईला कुठल्या तोंडाने सांगू? राग चष्म्याचा होता, साहेबांचा होता, पण सगळ्यात जास्त माझाच होता. मला दिसत होतं आणि मी बघितलं नाही.

दुपारी परत आले तेव्हा पडद्यावर अजून दोनच होता आणि अंगठा अजून मुठीत. पडद्याखाली नातेवाइकांसाठी एक बटण होतं, आकडा पटत नसेल तर दाबायचं. मी दाबलं, आठ घातला. अक्षरं उमटली: धन्यवाद. आणखी दोन व्यक्तींनी हाच आकडा दिल्यास नोंद बदलली जाईल.

मी बाहेर आले. ड्यूटीवरची नर्स कागद भरत होती आणि सफाईवाल्या बाई फरशी पुसत होत्या.

"दोघी जरा आत या," मी म्हटलं. "तुम्हाला माझ्या ताईचा हात दाखवायचाय."