झाकण मिटेपर्यंत

मी पेटी बोलतेय. दागिन्यांची नाही, मतांचीही नाही. हातभर लांबीची, एका बाजूला झाकण असलेली काचेची पेटी. माझ्या पोटात एका झाडाची जिवंत फांदी होती. आता मी रिकामी आहे असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात.

माझ्या सांध्यांना रबर बसवताना कारागीर म्हणाला होता, "आत गेलेली हवा हिच्या मर्जीशिवाय बाहेर यायची नाही." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

मग जंगलाच्या कडेला, साठ पायऱ्यांच्या लोखंडी मनोऱ्यावर नेऊन मला एका फांदीभोवती बसवलं. दर अर्ध्या तासानं घंटी वाजे, माझं झाकण आपोआप मिटे आणि तीन मिनिटं मी त्या फांदीला कोंडून ठेवी. तेवढ्या वेळात पानं आपल्या बारीक छिद्रांतून हवेतला कर्बवायू ओढून घेत आणि ओलावा सोडत. एक नळी ती हवा खालच्या खोलीतल्या यंत्राकडे नेई. तिथे पडद्यावर रेष उमटे. ऊन असलं की वायू कमी होई, रेष उतरे. अंधार पडला की पानंही तुमच्यासारखीच तोच वायू नुसता सोडत बसत, रेष चढे. झाडं मुकी असतात असं तुम्हाला वाटतं. मी त्यांचा श्वास पोटात घेऊन राहिलेय, मला त्याची अजून भीती वाटते.

माझी देखभाल बाबांकडे होती. सगळं संशोधन केंद्र त्यांना बाबाच म्हणे, पण खरे बाबा ते एकीचेच, खाली पडद्यासमोर बसणाऱ्या लेकीचे. उमेदीची वर्षं त्यांनी जवळच्याच खाणीत खडी फोडण्याच्या कामावर काढली होती आणि ती धूळ छातीत घर करून बसली होती. तीच धूळ वाऱ्याबरोबर इथवर येई, पानांवर बसून त्यांची छिद्रं बुजवी. बाबा मला ओल्या फडक्यानं पुसत आणि पानांना म्हणत, "तुमचं बरं आहे रे. पाऊस आला की अंघोळ. आमची छाती कोण धुणार?"

नियम एकच होता. घंटी वाजली की तोंड फिरवायचं आणि झाकण मिटेपर्यंत श्वास रोखायचा, कारण माणसाचा एक उच्छ्वास आत कोंडला गेला तरी फांदीचं सगळं गणित बिघडतं. पाठ केल्यावर झाकण दिसत नसे. म्हणून ते मिटलं की लेक खालून वॉकीटॉकीवर सांगे, "सोडा." मग बाबा श्वास सोडत.

पण बाबांना नेमका त्याच वेळी खोकला येई आणि रेषेवर टेंगूळ उठे.

"बाबा, पुन्हा?" लेक कडाडे. "वर्षभराची नोंद स्वच्छ असेल तरच साहेब मला कायम करणार आहेत. माहितीये ना?"

"माहितीये गं. छातीला कोण सांगणार?"

"मग घंटीच्या आधी उरकून उतरा की."

"चढेपर्यंतच दहा वाजतात, पोरी. तू कायम झालीस की फडकं खाली ठेवतो बघ."

मग ती ते दहाचं टेंगूळ पुसून टाकी. अकरा महिने, रोज एक.

त्या सकाळी साहेब नोंद पाहायला येणार होते. "बाबा, आज तेवढा श्वास धरा," ती म्हणाली. "माझ्यासाठी."

"धरतो."

घंटी वाजली. बाबांनी पाठ केली, दोन्ही हातांनी कठडा पकडला आणि श्वास धरला. झाकण मिटलं. रेष लोण्यासारखी उतरली.

"शाब्बास, बाबा!" लेक आनंदानं ओरडली. एवढंच म्हणाली. "सोडा" म्हणायचं त्या आनंदात राहूनच गेलं.

साडेदहाला रेष स्वच्छ आली. "वा! आता उतरा, चहा टाकलाय." अकरालाही स्वच्छ आली, तेव्हा तिची नजर समोरच्या गार झालेल्या चहावर गेली. ती धावत वर आली. बाबा कठड्याला टेकून बसले होते, तोंड फिरवून, गाल फुगवून. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

आठवड्यानं काम पुन्हा सुरू झालं. दहाची घंटी वाजली. मनोऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. झाकण मिटलं आणि माझ्या काचेवर आतून बोटभर वाफ धरली. खाली रेषेवर टेंगूळ उठलं. दुसऱ्या दिवशी दहालाच. तिसऱ्या दिवशीही.

"पेटी गळतेय," साहेब म्हणाले.

"गळत असती तर दिवसभर गळली असती."

"मग पुसा ते. नेहमी पुसत होतातच की."

ती पडद्याकडे बघत राहिली. "पुसत होते," ती म्हणाली. "आता एकही पुसणार नाही."

कायम दुसरीच कुणीतरी झाली. मला सदोष ठरवून उतरवलं, फांदी सोडवली, नळीचं भोक बुजवून झाकण पक्कं लावलं. भंगारात टाकण्याआधी लेकीनं मला मागून घेतलं.

आता मी तिच्या खोलीत खिडकीशी असते. फांदी नाही, घंटी नाही. तरी बरोबर दहाला माझ्या आत वाफ धरते. कुठून येते ते मला विचारू नका, मला खरंच माहीत नाही. लेक हातातलं काम टाकून येते, माझ्याकडे पाठ करते आणि श्वास रोखून बसते. वाफ विरेपर्यंत. पहिल्या दिवशी ती झटकन विरली. हल्ली रोज थोडा जास्त वेळ लागतो. काल लेकीचे ओठ निळे पडले होते.

मला ओरडता येत नाही. माझं एकच तोंड, तेही बंद केलेलं. दहा वाजत आलेत. तुमच्यापैकी कुणी जवळपास असेल तर दार वाजवा, मोठ्यानं हाक मारा. फार काही बोलायला नको. तिला फक्त "सोड" म्हणा.