मुळापासून

बेकरीवाल्याला दोन महिने उचकी लागत होती आणि बायको त्याला साखर चारत होती. पुढे चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा कुठे डोक्याचा स्कॅन झाला. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली, लाखात एखाद्याला होणारी.

"आयुष्यात कधी लॉटरी लागली नाही," तो म्हणाला, "आणि लागली ती ही!"

आठवड्याभरात डोक्यात पाणी साठून तो गुंगीत गेला. सर्जनने बायकोला आत बोलावलं.

"गाठ गिळण्याच्या नसांना चिकटलीय. थोडी मागे ठेवली तर नसा वाचतील, पण ती परत वाढू शकते. सगळी काढायला गेलो तर गिळणं कायमचं जाऊ शकतं. ते शुद्धीवर असते तर त्यांनाच विचारलं असतं. त्यांना काय हवं असेल, असं वाटतं तुम्हाला?"

"मुळापासून काढा," ती म्हणाली. "अर्धवट काही नको."

त्याला काय हवं असेल, याचा तिने क्षणभरही विचार केला नव्हता.

ऑपरेशन अकरा तास चाललं. गाठ पूर्ण निघाली. नातेवाईक पेढे मागत आले, आणि बेकरीवाला मात्र स्वतःची थुंकीही गिळू शकेना. पोटाला नळी बसवली. बायको दिवसातून पाच वेळा नळीतून पातळ खाणं सोडायची. "भर पेट्रोल," तो घोगऱ्या आवाजात म्हणायचा. सुरुवातीला दोघं हसायची.

पहाटे उठून तो भट्टीवर जायचाच. पाव भाजला की वासावरून ओळखायचा, कारागिरांना शिव्या घालायचा. नवा पाव फोडला की तुकडा सवयीने ओठांपर्यंत न्यायचा आणि खाली ठेवायचा. बायको घरी दार लोटून, उभ्याउभ्याच जेवून घ्यायची.

"नस तुटली असेल हो, कुणाच्या हातात नव्हतं," असं ती त्याला दोन वर्षं सांगत आली.

दोन वर्षांच्या तपासणीला सर्जनने स्कॅन उजेडासमोर धरला.

"परत दिसतेय. वाटाण्याएवढी. सगळी काढूनही एखादी पेशी राहते."

"मग सगळी काढली कशाला?" बेकरीवाल्याने विचारलं.

"तुमच्या मिसेसना विचारलं होतं ना, थोडी ठेवून गिळणं वाचवायचं का. त्यांनीच सांगितलं, अर्धवट नको."

बेकरीवाल्याने बायकोकडे पाहिलं. तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"विचारलं होतं त्यांनी?"

"तुम्ही जगावं म्हणून..."

"ते कळलं गं. विचारलं होतं का, एवढंच सांग."

"हो."

तो मग तिच्याकडे वळलाच नाही. पुन्हा ऑपरेशन नको, किरणं द्या, आणि यापुढे जे काय असेल ते मला एकट्याला सांगा, असं त्याने सर्जनला बजावलं. बोलताना धाप लागत होती, तरी एकेक शब्द नीट उच्चारला.

घरी आल्यावर तिने पातळ खाणं तयार करून पिचकारी भरली. त्याने ती तिच्या हातातून काढून घेतली, खुर्ची भिंतीकडे वळवली आणि शर्टाची बटणं सोडली. एकट्यानेच नळी धरून पिचकारी दाबली. निम्मं खाणं मांडीवर सांडलं. ती फडकं घेऊन पुढे झाली.

"राहू दे," तो म्हणाला.

ती फडकं घेऊन तिथेच उभी राहिली.