गोदामातली डुक्कर फियाट

"परेमभाऊ, पोंगा मी वाजवणार!"

नवलचा तो आवाज ड्रायव्हर प्रेमराजच्या कानातून कधी गेलाच नाही. शांतीलाल शेठचं ते लाडकं पोर पुढच्या सीटवर उभं राहायचं आणि शिरपूरच्या बाजारातून शेठची निळी डुक्कर फियाट पोंगा वाजवत मिरवत जायची. मग एका दिवाळीच्या तोंडावर नवलला ताप चढला. प्रेमराजनं धुळ्याच्या वाटेवर जीव तोडून गाडी हाकली. पण सोनगीरचा किल्ला दिसायच्या आत, मागच्या सीटवर, आईच्या मांडीवर पोर गार झालं.

"तोडून भंगारात घाल," शेठ म्हणाले होते. "मला ती पुन्हा दिसायला नको."

काही दिवसांनी प्रेमराजनं मान खाली घालून सांगितलं होतं, "तोडली, शेठ."

आज बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगचं गोदाम विकायचं म्हणून शेठचा नातू अखिल बारदानाच्या थप्प्या हलवून घेत होता. प्रेमराज आता इथला म्हातारा रखवालदार. "मागची थप्पी राहू द्या ना, भाऊ," तो दोनदा म्हणाला. कुणी ऐकलं नाही. थप्पी कोसळली, धूळ उडाली आणि धुळीतून एक गोल नाक हळूच पुढे आलं.

अखिलनं बाहेर बसलेल्या शेठना हाक मारली.

"आजोबा! डुक्कर फियाट! अहो, जळगाव-धुळ्यात एक उरली नाही म्हणतात. आणि हिच्या टायरात हवासुद्धा आहे!"

शेठ काठी टेकत आत आले. निळा रंग दिसला आणि काठी हातातून सुटली. मागच्या सीटकडे त्यांना बघवेना. ते प्रेमराजकडे बघत राहिले.

"तू तर म्हणालास, तोडली."

"मनी चूक शे, शेठ."

"चूक? दर दिवाळीला माझ्या हातून मिठाई घेत होतास, आणि इथे हे? भाव चढायची वाट बघत होतास होय रे?"

उभ्या जन्मात त्याला कुणी चोर म्हटलं नव्हतं. पण शब्द दिलेला होता.

"नही, शेठ. बठ्ठी गाडी तशीच शे. एक खिळाबी हालना नही."

"गोदामाच्या किल्ल्या ठेव आणि घर गाठ."

त्यानं किल्ल्या बॉनेटवर ठेवल्या. शेठच्या पत्नी धनकुंवरबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या, कुणाला कळलं नाही. अखिल गाडीत वाकून रुमालानं डॅशबोर्डची फळी पुसायला लागला होता.

"इथे काहीतरी लाल सांडलंय..."

"पुसू नको!"

बाईंचा एवढा चढलेला आवाज त्या घरात कुणी ऐकला नव्हता. त्या भिंतीला धरत धरत गाडीपाशी आल्या.

"तो नवलचा हात आहे. त्या दसऱ्याला गाडी पूजताना तेलातल्या कुंकवात बुडवून त्यानं उमटवला होता." मग त्या शेठकडे वळल्या. "अहो, किल्ल्या उचलून प्रेमराजभाऊंच्या हातात द्या. गाडी तोडू नका, यांना कळू देऊ नका, म्हणून मीच पदर पसरला होता त्यांच्यापुढे. दर दसऱ्याला मी यंत्रांची पूजा करायला म्हणून इथे येत होते ना? यंत्रांपाशी मी कधी गेलेच नाही. मी इथे, पुढच्या सीटवर बसायचे. आणि प्रेमराजभाऊ एकदाच, अगदी हळू, पोंगा वाजवायचे."