काळी केलेली नावं

आमच्या खानदानात कोणी जन्मलं, लग्नाला उभं राहिलं किंवा गेलं, की फाइल माझ्याकडे येते. मी गोरेगावला एका ऑडिटरच्या ऑफिसात दिवसभर रिपोर्ट सजवते, त्यामुळे सगळ्यांचं ठरलेलं, "बेव्हर्लीला वर्ड येतं ना, दे तिला." गिल्बर्ट अंकल गेले, तेव्हा त्यांच्या महिन्याच्या मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या विधीसाठी, मोबाइलवर पाठवायची प्रार्थनेची पुस्तिका करायचं कामही असंच माझ्या गळ्यात पडलं. ते मात्र मी मनापासून घेतलं. मनोरीच्या खाडीत मला पोहायला शिकवलं ते अंकलनीच.

मजकूर इयानने पाठवला. इयान म्हणजे अंकलचा एकुलता एक मुलगा. अंधेरीत राहतो, लोकांच्या पार्ट्या मांडून देण्याचा धंदा करतो, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. तो हात मला कधीच आवडला नाही. फाइल उघडली तर प्रार्थनेत जिथे जिथे 'गिल्बर्ट' होतं तिथे ते निळं, खाली रेघ. 'हे प्रभू, तुझा सेवक गिल्बर्ट याला', निळा. 'गिल्बर्टला चिरंतन शांती दे', पुन्हा निळा. वाटलं, फोटोंच्या पानाची लिंक असेल, बरी कल्पना आहे. क्लिक केलं.

'पापा गिल्बर्ट्स बीच हाउस'. मनोरीचं अंकलचं घर. व्हरांड्यातली त्यांची आरामखुर्ची, तिच्यावर फुलाफुलांची उशी. अंकल आणि क्लारा आंटीची झोपायची खोली, भिंतीवरचा क्रूस काढलेला, खिळा तसाच. दारामागे तिचा गाऊन लटकतोय, तोही फोटोत. समुद्र जवळ, मोठ्या आवाजात गाणी चालतील, नाताळचं बुकिंग सुरू. आणि खाली, 'घरची आई स्वतःच्या हाताने इंदयाल आणि फुगिया करून वाढेल.' अंकलना मातीत जाऊन महिनाही झाला नव्हता आणि त्यांची बायको पाहुण्यांच्या सोयींमध्ये जाऊन बसली होती. मला शिसारी आली. मी स्क्रीन बंद केला आणि बेसिनवर जाऊन उगाच हात धुतले.

तेवढ्यात इयानचाच फोन.

"बेव्ह, झकास कर हां. फक्त ती लिंकची निळी अक्षरं काळी करून टाक. रेघ पण काढ. साधी दिसली पाहिजेत."

"का?"

"अगं, फादर चेक करणार ना पुस्तिका. त्यांना जाहिरात वाटेल. आणि मम्मीला आत्ताच नको."

"आंटीला माहीत नाही?"

"सांगेन ना सावकाश. ज्यांना सांगायचंय त्यांना मी सांगतोच आहे, पापाच्या नावावर टच करा म्हणून. नाताळला सगळे जागा शोधतात यार."

"मग वेगळा मेसेज पाठव. प्रार्थनेत कशाला?"

"वेगळा मेसेज कोण उघडतं? मयताचं पुस्तक सगळे उघडतात."

हे त्याने हसत सांगितलं. स्वतःच्या बापाबद्दल. मी "बघते" म्हणून फोन ठेवला आणि बराच वेळ माउसला हात लावला नाही.

आंटीला सरळ सांगावं, हे सुचलं नाही असं नाही. पण तिच्या इयानविरुद्ध कोणी काही बोललं की तिचा चेहरा बंद होतो. मागे माझ्या आईने तोंड उघडलं होतं, तर दोन ईस्टर आमच्याकडे ती आली नाही. मला तो वाद नको होता. मग दुसरी गोष्ट लक्षात आली आणि मी खुर्चीत ताठ बसले.

क्लारा आंटी निळ्या अक्षरांना हात लावत नाही. शेजारच्या बाईचे बँकेतले पैसे गेले, तेव्हापासून इयाननेच तिला बजावलंय, निळं दिसलं, खाली रेघ दिसली, की बोट लांब ठेवायचं. चष्म्यातूनही नीट दिसत नाही म्हणून ती प्रार्थना टॅबवर मोठी करून वाचते. आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांची रीत आहे, प्रार्थनेत आपल्या माणसाचं नाव आलं की त्याच्यावर बोट टेकवायचं आणि ते बोट ओठांना लावायचं. छापील पुस्तकात ती नावं बोटांनी पुसट होतात. नाव निळं राहिलं तर आंटी बोट मागे घेईल. काळं केलं, तर टेकवेल.

मग मी इयानने सांगितलं तेच केलं, अगदी नीट केलं. एकेक नाव रंगवत बसायची गरज नसते. स्टाइल्समध्ये 'हायपरलिंक' असते, तिच्यावर राइट क्लिक, मॉडिफाय, रंग काळा, रेघ बंद, ओके. सगळे गिल्बर्ट एका झटक्यात काळे झाले. आजूबाजूच्या शब्दांत असे मिसळले की मलाही शोधावे लागले. पीडीएफ करून पाठवली. इयानचा अंगठा आला, मागोमाग हृदय. त्या हृदयाने तर डोक्यात तिडीकच गेली.

मिस्सा झाल्यावर मनोरीच्या घरी प्रार्थनेला सगळे जमले. आंटी अंकलच्याच खुर्चीत, मांडीवर टॅब. डेल्रॉयने, माझ्या भावाने, वाचायला सुरुवात केली. पहिलं नाव आलं. आंटीने बोट टेकवलं आणि ओठांना लावलं. पुन्हा टॅबकडे पाहिलं तेव्हा तिथे प्रार्थना नव्हती. ती बोटाने पान वर सरकवत गेली. डेल्रॉय वाचायचा थांबला.

"माझा गाऊन आहे हा," आंटी म्हणाली.

इयान लगबगीने पुढे आला. "मम्मी, ते नुसतं डिझाइन आहे. अजून फायनल नाही काही."

"मी इंदयाल वाढणार, हे पण डिझाइन?"

"लोक येतील, तुलाच सोबत होईल."

"घर पापाने माझ्या नावावर केलंय. हे काढ. इथे बसून काढ, माझ्यासमोर."

त्याने खांद्यावर हात ठेवला, तो तिने उचलून बाजूला केला. मग तो खाली बसला आणि सगळ्या नातेवाइकांच्या देखत मोबाइलवर पान पुसत राहिला. मला इतकं बरं वाटलं की मी ते लपवायलासुद्धा विसरले. प्रार्थना डेल्रॉयने कशीबशी पुरी केली. आंटीने टॅब पुन्हा हातात घेतला नाही.

चहाच्या वेळी मी स्वयंपाकघरात गेले. आंटी नळाखाली ते बोट साबण लावून धूत होती.

"नावं काळी तू केलीस?"

"हो, आंटी. इयानने सांगितलं होतं."

"आत काय आहे ते पाहिलं होतंस?"

मी होकाराची मान हलवली.

"निळी असती तर मी हात लावला नसता."

"म्हणूनच," मी म्हणाले. वाटलं, आता ती मला जवळ घेईल.

तिने नळ बंद केला. बोट कपड्यांना पुसलं, पुन्हा पुसलं.

"इयानचं सोड. तो कसा आहे ते मला ठाऊक आहे, पोटचा आहे माझ्या. पण मी गिल्बर्टच्या नावाला हात लावणार, हे तू धरून चालली होतीस. आता पुन्हा लावताना मला भीती वाटेल." ती माझ्याकडे बघत होती आणि तिला किळस आलेली मला स्पष्ट दिसत होती. "तुला तोंड होतं ना गं?"