देवदयेने की दुर्दैवाने

मिस अर्नेस्टीन टॉलिव्हर यांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधीच सांगून टाकतो. आमच्या मेकन शहरातल्या नदीवर सरकारचा नवा पूल निघाला होता. पुलावर माणसं दोन वर्षं राबणार. राबणारी माणसं जेवतात, आणि जेवलेल्या माणसांचं पुढचं सगळं म्हणजे मिस अर्नेस्टीनचा धंदा. त्यांची कंपनी फिरते संडास पुरवते. नाव 'हालेलूया'. मैला ओढणाऱ्या टाकीच्या ट्रकचं नाव 'देवमासा', कारण पवित्र शास्त्रात योनाला त्यानेच गिळलं होतं.

साठ संडासांचं काम मिळालं तर देवमाशाला नवं इंजिन बसणार होतं आणि दोन्ही ड्रायव्हर टिकणार होते. शिवाय अॅटलांटातल्या जावयाचं तोंड बंद होणार होतं. जावई दातांचा डॉक्टर. सासूने तो घाणेरडा धंदा विकावा आणि नातवंडं सांभाळायला यावं म्हणून तो टपून बसलेला. काम गेलं तर मिस अर्नेस्टीनकडे त्याला द्यायला उत्तर नव्हतं.

काम मिळायला प्रमाणपत्र हवं, आणि प्रमाणपत्राचा नियम नुकताच बदलला होता. पूर्वी आमच्यासारख्या काळ्या माणसाचा धंदा असला की तो मागे ठेवला गेलेला आहे, हे सरकार धरूनच चाले. नवा नियम म्हणतो, तसं काही धरायचं नाही; तुम्हाला स्वतःला काय सोसावं लागलं ते सविस्तर लिहा, पुरावा जोडा, मग बघू. थोडक्यात, आधी तोंड दाखवून भागायचं, आता रडून दाखवायचं. लोकांना या बदलातून वाट काढून द्यायची, हीच माझी रस्तेखात्यातली नोकरी. पगार ठरलेला, तेव्हा माझा नफातोटा यात नाही. निदान मला तसं वाटत होतं.

"लिनवुड, बाळा, लिहून आणलंय," म्हणत मिस अर्नेस्टीन आल्या. डोक्यावर रविवारची टोपी. सरकारला लिहायचं म्हणजे नीटनेटकं असायला नको का!

मी वाचू लागलो. 'बँकेने मला कर्ज नाकारलं. देवदयेने त्यामुळे मला काटकसरीची सवय लागली. मोठ्या कंत्राटदाराने मला फाटकातूनच परत पाठवलं. देवदयेने त्याच वाटेवर मला एका लग्नाचं काम मिळालं. मी फार भाग्यवान आहे.'

"मिस अर्नेस्टीन, हे प्रमाणपत्र मागताय की आभार मानताय?"

"दोन्ही. शिकवण आहे तशी."

ही शिकवण मला ठाऊक होती. आमच्या न्यू बेथसाइदा चर्चमध्ये बुधवारच्या प्रार्थनेला माणूस साक्ष द्यायला उभा राहतो. सुरुवात खड्ड्यात करायची, शेवट डोंगरावर. मधेच, खड्ड्यात असतानाच कोणी खाली बसलं, तर अख्खी मंडळी "पुढे? पुढे?" करून त्याला उठवतात. चाळीस-पन्नास वर्षं अशा साक्षी दिलेल्या बाईला दुःखाशी थांबायला सांगणं म्हणजे कोंबड्याला अर्धंच आरव म्हणण्यासारखं.

मी 'देवदयेने' खोडून 'दुर्दैवाने' लिहिलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेऊन परत 'देवदयेने' केलं.

"आणि देवाला श्रेय कोण देणार? तुझं रस्तेखातं?"

अर्ज तसाच गेला आणि परत आला. तपासनीस मिस्टर हॅडली यांनी समासात फक्त एक ओळ लिहिली होती: 'अर्जदार एकंदरीत सुदैवी दिसतात.' सुधारून पाठवायची एक संधी दिली होती, आणि नंतर कॅमेऱ्यावर मुलाखत.

मिस अर्नेस्टीनने ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "बघ! त्यांनासुद्धा पटलं."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं: माणूस स्वतःचं दुःख विसरतो, पण त्याचा वैरी कधी विसरत नाही. आणि मिस अर्नेस्टीनला चांगली, खानदानी वैरीण होती. सिस्टर ओडेसा क्रम्प्टन. एकेकाळी कर्ज नाकारणाऱ्या त्याच बँकेत पत्रं टाइप करायच्या. आता गायकवृंदात खर्जातल्या बायकांचं पुढारपण करतात. भांडण बटाट्याच्या सॅलडवरून. आमच्यात बटाट्याचं सॅलड कोणीही उठून करत नाही. ते कोणाच्या हातचं आहे हे विचारल्याशिवाय कोणी चमचाही लावत नाही. सिस्टर ओडेसांनी त्यात एकदा सफरचंद घातलं. मिस अर्नेस्टीन तेव्हा स्वयंपाक समितीच्या प्रमुख होत्या. त्यांनी ते भांडं उचलून मेजाखाली ठेवलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'अहो सिस्टर' म्हणतात. आमच्यात याहून मोठी शिवी नाही.

मिस अर्नेस्टीनला काय सोसावं लागलं ते सांगायला मी बोलावलं, तशा सिस्टर ओडेसा लगेच तयार झाल्या. किंमत मात्र घासाघीस न करता सांगितली. "चर्चच्या वर्धापनदिनाला माझं सॅलड मधल्या मेजावर. आणि पहिला घास ह्या सिस्टरांचा. सगळ्यांसमोर."

"त्यापेक्षा देवमाशाच्या टाकीत उडी मारीन," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या.

"मारा की. रिकामी होणारच आहे ती आता, अहो सिस्टर."

मी जावयाचं नाव काढलं. मिस अर्नेस्टीनने टोपी सरळ केली. "सफरचंद किती?"

"लागेल तेवढं."

सौदा झाला. सिस्टर ओडेसा खुर्चीत रेलल्या आणि मेजवानीला बसावं तशा सुरू झाल्या.

"लिही, लिनवुड. ह्या बाई बँकेत आल्या तेव्हा निळा ड्रेस होता—"

"जांभळा होता!"

"—जांभळा, आणि तो घट्ट होत होता. साहेबांनी विचारलं, बाई, तुमच्या या धंद्यात पुरुष कोण आहे? ह्या म्हणाल्या, मीच. साहेब हसले. कर्ज नाकारलं. पुढच्याच आठवड्यात तस्सल्याच संडासांसाठी एका गोऱ्या पोराला कर्ज दिलं. त्या पोराला नळाचं तोंड कुठं असतं तेसुद्धा ठाऊक नव्हतं. आणि ह्या बाहेर गाडीत बसून रडल्या."

"मी रडले नव्हते. घाम होता तो."

"जानेवारीत?"

मिस अर्नेस्टीन टोपीची फीत चाचपू लागल्या. मीही लिहायचं थांबलो.

"दोन्ही पत्रं मीच टाइप केली," सिस्टर ओडेसा जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुमचं नकाराचं आणि त्याचं मंजुरीचं. शपथेवर लिहून देते."

"अगं, मग तेव्हा का नाही बोललीस मला?"

'अगं' ऐकून मी पेनाचं टोपण गिळायचाच राहिलो. सिस्टर ओडेसांनाही ते लागलं असावं, कारण त्यांनी पर्स उगाच उघडून बंद केली.

"तुला सांगितलं असतं, तर तू बुधवारी उभी राहून अख्ख्या चर्चला साक्ष दिली असतीस. देवाने ओडेसाच्या तोंडून मला सत्य कळवलं, म्हणून! गुरुवारी माझी नोकरी गेली असती. दोन पोरं होती मला."

"दिली असती खरी," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा उजळू लागला. "पण देवाची करणी बघ, त्या नकारामुळेच—"

"गप्प बस!" सिस्टर ओडेसा ओरडल्या. "लिनवुड, पूर्णविराम दे!"

मी दिला.

मुलाखतीच्या दिवशी दोघी माझ्या कचेरीत कॅमेऱ्यासमोर शेजारी शेजारी बसल्या. सिस्टर ओडेसा साक्षीदार म्हणून. येताना डबा घेऊन आल्या होत्या. वर्धापनदिनाआधी मिठाचा अंदाज घ्यायला, म्हणे. पडद्यावर मिस्टर हॅडली. सुकलेला, सभ्य माणूस, टाय जरा वाकडा. सिस्टर ओडेसांनी बँकेची हकिगत चोख सांगितली, पत्रांसकट. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मिस्टर हॅडलींनी नको तो प्रश्न विचारला. "आणि या सगळ्याचा तुमच्यावर काय परिणाम झाला, मॅडम?"

"परिणाम," मिस अर्नेस्टीन म्हणाल्या. "कर्ज नाही म्हणून सहा वर्षं एकाच ट्रकवर काढली. मोठी कामं हातची गेली." इथवर छान. पण मला दिसलं, त्यांचे खांदे मागे गेले, हनुवटी वर आली. बुधवारची चिन्हं. "पण मिस्टर हॅडली, मी तुम्हाला सांगते, देव—"

सिस्टर ओडेसांनी डबा उघडला आणि भरलेला चमचा त्यांच्या तोंडात घातला.

मिस अर्नेस्टीनचा चेहरा आधी थांबला. मग पडला. डोळे भरून आले आणि एक मोठा थेंब गालावरून हनुवटीखाली बांधलेल्या टोपीच्या फितीवर ओघळला. त्यांना गिळवेना, आणि चर्चमध्ये वाढलेल्या बाईला थुंकवेना.

"सावकाश, मॅडम," मिस्टर हॅडली हळुवारपणे म्हणाले. "अजून किती त्रास होतो तुम्हाला, ते दिसतंय मला."

"होतो हो," सिस्टर ओडेसा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "फार होतो."

प्रमाणपत्र आलं. पुलाचं काम मिळालं. देवमाशाला नवं इंजिन बसलं, आणि जावयाने अभिनंदनाचं कार्ड पाठवलं. मिस अर्नेस्टीनने ते ट्रकच्या पुढच्या काचेला आतून चिकटवलं.

राहिला तो वर्धापनदिन. सॅलड मधल्या मेजावर आलं. कोणाच्या हातचं, असं तीन ठिकाणांहून कुजबुजत विचारलं गेलं. मिस अर्नेस्टीनने दिलेल्या शब्दाला जागून सगळ्यांसमोर घास घेतला. पास्टरांनी मोठ्याने विचारलं, "कसं आहे, सिस्टर?"

चर्चच्या आवारात खोटं बोलता येत नाही. मिस अर्नेस्टीन उभ्या राहिल्या, घास कसाबसा खाली उतरवला आणि म्हणाल्या, "देवाने मला आजवर पुष्कळ संकटांतून पार नेलंय."

"आमेन!" मंडळी गरजली, आणि ही शिफारसच समजून रांग लावून सॅलडवर तुटून पडली.

आता हिशेब. पुलाचे पैसे सरकार देणार. सिस्टर ओडेसांना मधलं मेज मिळालं आणि 'अहो' जाऊन 'अगं' आलं. माझा यात नफातोटा नव्हता, तरी चांदीच्या कागदात बांधलेला सॅलडचा मोठा वाडगा माझ्या वाट्याला आला, आणि दोघींच्या देखत खावा लागला.

दुपारी उन्हात सॅलडने आपलं काम सुरू केलं. चर्चच्या मागे मिस अर्नेस्टीनने सकाळीच चार संडास आणून उभे केले होते; कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना धंदा कळतो. सगळ्यांत पुढे पास्टर होते. आत जायच्या घाईत त्यांनी मिस अर्नेस्टीनने पुढे केलेल्या भाड्याच्या पावतीवर न वाचताच सही केली, म्हणून त्या संडासांचे पैसे चर्चने भरले.