पन्नास फुटांवर

लाइल ओस्टगार्ड धक्क्यावरून बोटीची दोरी सोडत होता, तेवढ्यात डार्लीन फाइस्टने तिसऱ्या खेपेला ट्रेलर सरळ करून आपली बोट पाण्यात उतरवली. बोट तिची म्हणजे तिच्या नवऱ्याची, युजीनची. युजीन मार्चमध्ये गेला. तीस वर्षं ऑगस्ट लागला की तो आणि लाइल धरणाच्या भिंतीपाशी सामन मासे धरायला जात, आणि डार्लीन त्यांना थर्मास भरून देई. ती स्वतः कधी आली नव्हती. यंदा मात्र अडुसष्टाव्या वर्षी, नवऱ्याची टोपी कानांपर्यंत ओढून, ती एकटीच आली होती.

"लाइल, गळ किती खोल सोडतोयस रे?" तिने विचारलं.

"पन्नास," लाइल म्हणाला. "पन्नास-पंचावन्न."

मासे एकशेदहा फुटांवर होते. ऑगस्टमध्ये वरचं पाणी तापतं आणि सामन गार पाण्याच्या शोधात खाली जातो. म्हणून तारेला जड गोळा लावून गळ चरखीने पार तळाकडे न्यावा लागतो. खरा आकडा मात्र त्या धक्क्यावर कुणी कुणाला सांगत नसे. विचारणारा हसून विचारी, सांगणारा हसून फसवी, आणि दोघंही बोटीतल्या मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मासे शोधत आपापल्या वाटेने जात. डार्लीनला ही रीत ठाऊक नव्हती, आणि युजीनच्या बोटीवरचा पडदाही तिला वाचता येत नव्हता. दोरी गुंडाळता गुंडाळता लाइलच्या हे लक्षात आलं. ती अजून हाकेच्या अंतरावर होती. त्याने इंजिन सुरू केलं.

तेव्हाच का नाही सांगितलं, हे त्याने पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं, आणि मिळालेलं उत्तर त्याला आवडलं नाही. भिंतीच्या दक्षिण टोकाची जागा युजीन गेल्यापासून त्याच्या एकट्याची झाली होती. धक्क्याजवळ गळ-आमिष विकणाऱ्या जोलीनच्या दुकानातल्या फळ्यावर यंदाच्या सगळ्यात मोठ्या माशापुढे त्याचं नाव होतं. आणि ती बोट युजीनशिवाय त्या जागी आलेली त्याला बघवणार नव्हती. ही तिन्ही कारणं खरी होती, पण त्यातलं एकही बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

डार्लीन रोज आली. सकाळी सहापासून अकरापर्यंत ती भिंतीला समांतर येरझाऱ्या घालायची, गळ पन्नास फुटांवर, खाली साठ फूट पाणी रिकामं सोडून. लाइलच्या जवळून जाताना हात हलवायची. तोही हलवायचा.

"डार्लीनला लागलं का काही?" तिसऱ्या दिवशी जेवताना त्याच्या बायकोने, बेव्हने विचारलं.

"नाही अजून."

"तू दाखवलंस ना तिला नीट?"

"सांगितलंय," म्हणून त्याने बटाट्याचं भांडं पुढे ओढलं.

चौथ्या दिवशी डार्लीन घरी आली. काचेच्या भांड्यात तिने आलुबुखाराचं कूखन, म्हणजे जर्मन पद्धतीचा फळांचा केक, आणलं होतं, वर साय आणि दालचिनी. "त्या सगळ्या बाप्यांत तू एकटा नीट बोललास," दारातच ती म्हणाली. "बाकीचे नुसते दात काढतात." बेव्हने लगेच कापून वाढलं. लाइलने दोन तुकडे खाल्ले, कारण एक खाऊन थांबला असता तर बेव्हने कारण विचारलं असतं.

सहाव्या दिवशी वारा सुटला आणि सगळ्या बोटी लवकर परतल्या. मासे साफ करायच्या शेडमध्ये सहाजण ओट्याशी उभे होते. डार्लीन रिकामी बादली घेऊन आत आली, हात धुवायला.

"आजपण काही नाही?" मर्व्ह क्लाइनने विचारलं. "किती खोल लावतेस गं?"

"पन्नास. लाइलने सांगितलं तसंच."

मर्व्हच्या नाकातून हसू फुटलं. दुसरा कोणीतरी खोकला. डार्लीनने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, ओट्यावर पसरलेल्या माशांकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी लाइलकडे. त्याच्या हातात सुरी होती आणि समोर अर्धा चिरलेला, हातभर लांबीचा सामन. तिचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला. तिने टोपी काढून हातात घेतली, जणू तिला ती घालायचा अधिकार नव्हता, आणि बादली उचलून गाडीकडे चालू लागली.

"मला काय ठाऊक, तिला कुणी सांगितलंच नसेल ते," मर्व्ह म्हणाला.

लाइलने मासा तसाच अर्धवट बर्फात टाकला.

बेव्हला ही गोष्ट मर्व्हच्या बायकोकडून कळली. तिने ना आरडाओरडा केला, ना काही विचारलं. धुतलेलं काचेचं भांडं तिने त्याच्या हातात दिलं. "नेऊन दे. आणि माझं नाव सांगून सुटू नकोस."

रिकाम्या भांड्याने जायला नको म्हणून त्याने त्यात धुरी देऊन टिकवलेल्या सामनचं एक पुडकं ठेवलं. डार्लीनने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. तिने भांडं घेतलं, पुडकं काढून त्याच्या हातात परत दिलं.

"मी खोटं सांगितलं," तो म्हणाला.

"ते कळलं मला. सहा माणसांच्या देखत."

"तिथं सगळेच तसं करतात, डार्लीन. ती रीतच आहे एक—"

"युजीनने तुला कधी सांगितलं खोटं?"

लाइलला धान्याच्या कोठारातली नोकरी लागली तो उन्हाळा आठवला. धक्क्यावर तो भलताच गळ घेऊन उभा होता आणि एका अनोळखी माणसाने त्याला आपल्या बोटीत बसवून घेतलं होतं. तो युजीन होता.

"नाही."

"सांगायचं नव्हतं तर नाही सांगत म्हणायचंस. मी काय रडले असते? सहा दिवस मी त्याच्याशी बोलत होते तिथं. म्हणत होते, बघ, तुझा लाइल आहे सोबत." तिने भांडं छातीशी धरलं. "वेड्यासारखी."

"उद्या माझ्या बोटीत चल. मी दाखवतो."

"तुझ्या बोटीत मी पाय नाही ठेवायची. तू माझ्या बोटीत ये. साडेपाचला. विचारीन तेवढंच सांग."

दुसऱ्या दिवशी तो साडेपाचला पाच मिनिटं कमी असतानाच धक्क्यावर उभा होता. बोट तिने चालवली. त्याने पडद्यावरच्या कमानीसारख्या खुणा दाखवल्या, पाणी कुठे गार होतं ते दाखवलं. एकशेबारा फूट. चरखी फिरवताना तिचा हात दोनदा घसरला; तो मदतीला उठला, तिने नुसतं पाहिलं, तो परत बसला. तास गेला. मग गोळ्याच्या ताणाने वाकलेली काठी, माशाने ओढून दोरा गोळ्यापासून सोडवताच, एकदम ताठ झाली.

"आता?" ती म्हणाली.

"गुंडाळ. ढील पडू देऊ नकोस. धावला तर धावू दे."

मासा दोनदा तळाकडे धावला. वीस मिनिटांनी तो कडेला आला तेव्हा जाळं लाइलच्या हातात होतं. मासा आत आला. फळ्यावरच्यापेक्षा लहान, पण चांगला जाड. डार्लीन खाली बसली आणि तोंड दुसरीकडे करून बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली.

रेडिओ खरखरला. मर्व्ह होता. "डार्लीन, काही लागलं वाटतं?"

तिने डोळे पुसले, बटण दाबलं. "लागलं. एकशेबारा फूट, भिंतीचं दक्षिण टोक, गळाला हिरवी चमकती पट्टी लावलीय. सगळ्यांनी या."

मग मर्व्ह म्हणाला, "खरंच?"

"लाइल सांगतोय. हा काय, समोरच बसलाय."

पंधरा मिनिटांत नऊ बोटी जमल्या. लाइलने मनातल्या मनात मोजल्या आणि तीस वर्षांची जागा गेली हे त्याला कळलं. त्याबद्दल वाईट वाटायची सोय त्याने स्वतःच ठेवली नव्हती. जवळून जाणारे डार्लीनला हात करत होते. त्याच्याकडे कुणी पाहिलं की तो उगाच दोऱ्यातला गुंता सोडवू लागे. गुंता नव्हताच.

शेडमध्ये त्याने सुरी पुढे केली. "मी करते," ती म्हणाली, आणि वेडावाकडा का होईना, मासा स्वतः साफ केला.

त्यानंतर ती पुन्हा धरणावर आली नाही. बोट तिने सप्टेंबरात मायनॉट गावातल्या एका शाळामास्तराला विकली. ट्रेलर जाताना लाइलला पेट्रोलपंपावरून दिसला.

घडल्या गोष्टीची माफी आपण मागितलेलीच नाही, हे त्याच्या फार उशिरा लक्षात आलं. खोटं बोललो एवढं त्याने कबूल केलं होतं. पुढचा शब्द तोंडातून निघाला नव्हता. ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण झालं तेव्हा डार्लीन भांडी धूत होती आणि तिच्याशेजारी पुसायला कुणी नव्हतं. लाइलने फडकं घेतलं.

"डार्लीन, माफ कर मला," तो ताटाकडे बघत म्हणाला.

तिने नळ बारीक केला. "बरं," ती म्हणाली, आणि पुढचं ताट त्याच्या हातात दिलं.

त्या एका शब्दात माफी होती की नाही, हे त्याला समजलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. ताटं बरीच होती. तो पुसत राहिला.